मामाचं घर, उजनीचं पाणी

पावसाळी वीकेंड म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी आपोआप घाटाकडे वळते. लोणावळा, ताम्हिणी, माळशेज, फारच झालं तर भंडारदरा. भुट्टा, कांदाभजी, कटिंग चहा, ओले शूज, परतीचा ट्रॅफिक जॅम आणि सोमवारी ऑफिसात शिंका. पण पावसाळ्यात सोलापूर रोडला फिरायला निघालेलं कोणी पाहिलंय? त्या रस्त्याने आपण जातो ते पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला, नाहीतर थेट हैदराबादला. मधलं टेंभुर्णी म्हणजे एक बोर्ड. चौपदरी हायवे झाल्यापासून तर चहालाही कोणी फारसं थांबत नाही.

आम्ही दोघं मात्र २०२४च्या सप्टेंबरमध्ये या टेंभुर्णीत चक्क अकरा दिवस राहिलो. तेही हॉटेलात नाही, रिसॉर्टमध्ये नाही, तर माझ्या मामाचं घर राखायला.

झालं असं, की मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. नंतर आठवडाभर तरी पुण्यातच राहायचं, जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आमच्या पिंपळे निलखच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, आई तिथे भावाची सेवा करायला एका पायावर तयार होती. प्रश्न होता टेंभुर्णीच्या घराचा. ‘कुलूप लावा की सरळ,’ असं बंगलोरहून मामेभावाने सांगून टाकलं. मामी म्हणाली, “भरलं घर आहे. संध्याकाळी दिवा लागला पाहिजे. आणि पितृपक्षात तर घर बंद नकोच.”

मग आमचीच अदलाबदल झाली. मामा-मामी आमच्या फ्लॅटमध्ये आणि आम्ही त्यांच्या घरात. दोघांनाही ऑफिसने वर्क फ्रॉम होम दिलेलं होतं, त्यामुळे लॅपटॉप, दोन डोंगल आणि एक एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आम्ही निघालो. नवरोबा जन्माने डोंबिवलीकर. त्याच्या मते पाऊस म्हणजे जूनमध्ये सुरू होतो आणि गणपतीत संपतो. सोलापूर जिल्ह्यात पाऊस पडतो, हीच त्याला बातमी होती.

मामीची यादी

स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय लटकत होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या जागेत मामीने पेनने लिहून ठेवलं होतं : सकाळी सातच्या आत मोटर. टाकी भरली की लगेच बंद. तुळशीला पाणी, पाऊस पडला तर नको. मांजरीला दूध कोमट. शेंगाची चटणी निळ्या डब्यात. वीज कडाडली की टीव्हीची पिन काढा. संध्याकाळी देवापाशी दिवा, आणि उंबऱ्यावरचा लाइट रात्रभर चालू. शेवटची सूचना अशी, ‘पावसात दार फुगतं. खालून पाय लावून, मग खांद्याने ढकला.’

हे दार म्हणजे एक प्रकरणच आहे. मामाचं घर नव्वदच्या दशकातलं, आरसीसीचं, खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमचे स्लायडर, जमिनीला टाइल्स. आणि पुढचं दार मात्र सागवानी, जाड फळ्यांचं, लोखंडी कड्याचं, कपाळावर गणपती कोरलेल्या चौकटीत बसवलेलं. चौकट एवढी बुटकी, की नवऱ्याने पहिल्याच दिवशी तिला नमस्कार केला. डोक्याने! लहानपणी सुट्टीत येताना हे दार मला कधी वेगळं वाटलं नाही. मामाच्या घराला असं दार असतं, एवढंच माहीत होतं.

पहिले तीन दिवस पावसाचा पत्ता नव्हता. ऑक्टोबर हीटची अ‍ॅडव्हान्स कॉपी असावी तसं ऊन. नवरोबा रेनकोटकडे बघून उसासे टाकायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आकाश काळंनिळं झालं, अंगणातली धूळ उठली, पाच मिनिटांत सगळीकडचे लाइट गेले आणि मग जो काही कोसळला! इथला पाऊस रिमझिमत नाही. येतो तोच ढोल वाजवत. क्लायंटचा कॉल अर्ध्यात तुटला. खिडक्या लावून आम्ही पुढच्या पडवीत आलो, तर अख्खी आळी दारात उभी. कोणी आत पळत नव्हतं. सगळे नुसते पाऊस बघत होते.

पाऊस थांबायच्या आत फोन सुरू झाले. “तुमच्याकडं पडला का?” “कुठवर पडला?” “बेंबळ्याकडं हाय का?” शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “पुण्याची माणसं पाऊस थांबला का इचारतात. आमी पडला का इचारतो.”

एका वाक्यात त्यांनी पर्जन्यछायेचा धडा शिकवला. सह्याद्रीने ढग अडवून घेतले की पलीकडे उरतं ते थोडंसंच. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या ढोबळ मानाने एक दशांश. त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात, परतीच्या पावसात. म्हणजे आपल्याकडे छत्र्या माळ्यावर जायची वेळ होते, तेव्हा इथे खरा पावसाळा येतो. इथली भाकरी ज्वारीची, आणि ती ज्वारी रब्बीची. उत्तरा आणि हस्त नक्षत्रातल्या पावसावर जमिनीत जी ओल मुरते, तिच्यावर ते पीक थंडीभर उभं राहतं. नुसता पाऊस पडूनही भागत नाही. पाणी जिरून माती ना चिखल ना कोरडी, अशी व्हावी लागते. त्याला वापसा म्हणतात. शेजारचे काका रोज सकाळी शेतात जाऊन मूठभर माती दाबून बघायचे आणि येऊन सांगायचे, “अजून नाही.” आमच्या स्टँडअप मीटिंगपेक्षा हा रिपोर्ट जास्त महत्त्वाचा होता!

मायनसमधलं धरण

पहिल्या शनिवारी आम्ही उजनी धरण बघायला गेलो. गावापासून पुण्याच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं गेलं की भीमानगर लागतं. धरणाच्या भिंतीवर असंच जाता येत नाही. पण खालच्या बाजूने भीमेवरून हायवे जातो, तिथून ती लांबलचक भिंत आणि ४१ दरवाज्यांची रांग दिसते. आजवर तिथून जाताना मी मोबाइलमध्ये बघत असायचे, हे वेगळं सांगायला नको.

सोलापूरच्या पेपरात उजनीचं रोजचं प्रगतिपुस्तक छापून येतं. टक्केवारी, टीएमसी, विसर्ग. त्यात एक गंमत आहे. २०२४च्या जूनच्या सुरुवातीला उजनी जवळपास उणे ६० टक्क्यांवर गेलं होतं. नवऱ्याने विचारलं, “धरण मायनसमध्ये कसं जातं? क्रेडिट कार्ड आहे का?” प्रश्न रास्त होता, आणि उत्तरही जवळपास तेच. धरणात एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं तळाचं सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या ५३-५४ टीएमसीची. वरचं संपलं की शून्य. त्यानंतर वापरलं जातं ते तळातलं, म्हणजे उधारीवरचं. त्या वर्षी जूनमध्ये उणे ६० वर असलेलं धरण ऑगस्टच्या सुरुवातीला शंभर टक्के भरलं. दोन महिन्यांत सगळी उधारी फिटली.

आणि ती फिटली ते टेंभुर्णीत पाऊस पडला म्हणून नव्हे, तर आपल्याकडे पडला म्हणून! भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, घोड या सगळ्यांचं पाणी शेवटी उजनीत येतं. खडकवासल्यातून सोडलेलं, पवनेतून सोडलेलं, सगळं दौंडवरून खाली. म्हणून इथल्या माणसांच्या तोंडी सतत एक प्रश्न असतो, “दौंडचा विसर्ग किती?” आपण शेअर मार्केटचा इंडेक्स विचारावा, तसा. आपण ज्या पावसाला ‘काय मस्त क्लायमेट आहे’ म्हणून स्टेटस टाकतो, तो इथे क्युसेकमध्ये मोजून घेतला जातो. आणि आपल्या बेसिनमधून, बाथरूममधून नदीत गेलेलं पाणीही याच धरणात येतं. ते कोणी स्टेटसला टाकत नाही.

२५ सप्टेंबरला, बुधवारी, पुण्यात धो धो पाऊस झाला. दुसऱ्या दिवशीचा पंतप्रधानांचा मेट्रोचा कार्यक्रमही ज्याच्यामुळे रद्द झाला, तोच पाऊस. त्या दिवशी मामाचा फोन आला. पाय उशीवर ठेवून तो आमच्या बाल्कनीत बसला होता. बाल्कनीतून मुळा दिसते. घर घेताना बिल्डरने ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्तीचे पैसे लावले होते, पण आम्ही तिकडे बघतो ते वास येतो तेव्हाच. मामा म्हणाला, “अगं, नदी काय भरून चाललीय! पाठवतोय बघ तुमच्याकडं. येईल परवापतूर.”

स्पीकर चालू होता. आम्ही दोघंही हसलो. पण मग वाटलं, इतकी वर्षं त्या बाल्कनीत बसून हे पाणी कुठे जातं असा प्रश्न आपल्याला कसा पडला नाही?

दोन नद्यांचं टोक

मधल्या रविवारी नीरा नरसिंहपूरला गेलो. टेंभुर्णीहून अकलूज रोडने निघून आत वळायचं. दोन्ही बाजूंना ऊस आणि केळीच्या बागा. उजनीमुळे हा सगळा पट्टा हिरवा झालाय. कंदर, टेंभुर्णी भागातली केळी बॉक्समध्ये भरून आखाती देशांत जातात. पर्जन्यछाया वगैरे शब्द इथे खोटे वाटायला लागतात. अर्थात पाटाचं पाणी जिथवर पोचतं तिथवरच. पुढे पुन्हा तोच बाभळीचा माळ.

नरसिंहपूर म्हणजे नीरा आणि भीमेच्या मधलं अगदी शेवटचं टोक. पुणे जिल्हा इथे संपतो आणि पलीकडच्या काठांवर सोलापूर जिल्हा. लक्ष्मी-नृसिंहाचं मोठं दगडी देवस्थान आहे, कितीतरी घरांचं कुलदैवत. आतली मूर्ती प्रल्हादाने वाळूची केली अशी श्रद्धा. पावसामुळे गर्दी नव्हती. भिजलेला काळा दगड, उदबत्तीचा वास आणि खाली घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो. एक मातकट, एक जरा हिरवट. थोडं अंतर दोघी शेजारी शेजारी चालतात आणि मग एक होतात.

घाटावर बसलेल्या एका आजोबांनी समजावलं. इकडून नीरेचं, म्हणजे वीर धरणातून सुटलेलं पाणी येतं. तिकडून भीमेचं, म्हणजे उजनीचं. दोन्हींकडून एकदम सुटलं की पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट बुडतं. “हितं बसून कळतं, फुडं काय हुणार,” ते म्हणाले. मला एकदम आमच्या ऑफिसातली सर्व्हर मॉनिटरिंगवाली टीम आठवली. तीही अशीच शांतपणे स्क्रीनकडे बघत बसलेली असते.

दुसऱ्या शनिवारी करमाळ्याला कमलाभवानीचं देऊळ केलं. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं. देवळाला दाक्षिणात्य वळणाची गोपुरं, आणि सगळा हिशोब ९६चा. ९६ खांब, ९६ ओवऱ्या, आणि बारवेला पायऱ्याही ९६. नवरोबाने पायऱ्या मोजायला घेतल्या, पण खालच्या पाण्यात होत्या. बारव भरली होती, ही चांगलीच गोष्ट. अशा मुलखात माणसांनी देवाच्या आधी पाण्याची सोय केली असणार, असं तिथे उभं राहिल्यावर वाटतं.

फ्लेमिंगो बघायचे म्हणून नवरोबाने लेन्स घेतली होती. ती तशीच परत आली. भिगवणचे फ्लेमिंगो हे थंडीचं काम. धरणाचं पाणी उतरायला लागलं, काठाचा चिखल उघडा पडला, की ते चरायला येतात. सप्टेंबरात धरण काठोकाठ, मग ते कशाला येतील? उजनीची चिलापी खायचा प्लॅनही बारगळला. पितृपक्षात मामीच्या स्वयंपाकघरात मासे? मामी पुण्यात असली म्हणून काय झालं! आम्ही शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी आणि दही यांच्यावर अकरा दिवस काढले आणि वजन वाढवून परत आलो.

पाण्यात जाणारा रस्ता

आता त्या शुक्रवारबद्दल.

आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, तिथी आमच्या मुक्कामातच येत होती. मामा विधी पुण्यात करणार होता. पण आदल्या रात्री त्याने फोन करून मला एक काम सांगितलं. आजपर्यंत त्याने मला काही काम सांगितल्याचं आठवत नाही. म्हणाला, “दरवर्षी मी एक पान घेऊन पाण्यापाशी जातो. औंदा जमणार नाही. तुम्ही जाल का दोघं?”

पाण्यापाशी म्हणजे कुठे? तर जिथे त्यांचं जुनं गाव होतं तिथे. मामाचं गाव धरणात गेलं, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. पण हे वाक्य मी ‘मामाचं दुकान बाजारात आहे’ अशा चालीत ऐकलेलं. कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

उजनीचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली धरण पूर्ण झालं. मधल्या वर्षांत पुणे, सोलापूर, नगर जिल्ह्यांतली भीमाकाठची गावंच्या गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की वर येतं आणि लोक ते बघायला जातात. करमाळा तालुक्यात वांगी एक, वांगी दोन, वांगी तीन असे बोर्ड आहेत, केत्तूर एक आणि केत्तूर दोन आहे. आधी मला ती सेक्टरची नावं वाटली होती, नवी मुंबईसारखी. ती उठलेल्या गावांची नवी बस्तानं आहेत.

शुक्रवारी सकाळी मी वरण-भात, आळूची भाजी, वडे केले. व्हिडिओ कॉलवर मामी सूचना देत होती. पान बांधून आम्ही करमाळा रोडने निघालो. कंदरच्या पुढे आत वळलो. ऊस, केळी, मग परत ऊस. आणि मग एका ठिकाणी डांबरी रस्ता सरळ पाण्यात गेला.

पाटी नाही, कठडा नाही. रस्ता नेहमीसारखा उतारावर उतरत होता आणि पुढे पाणी होतं. समुद्रासारखं, पलीकडचा काठ धूसर. पाऊस भुरभुरत होता. काठावर विजेच्या मोटरी, जाड काळे पाइप आणि वायरींचं जंजाळ. एक शेतकरी दोर लावून मोटर वर ओढत होता. “पाव्हणं कुठलं?” त्याने विचारलं. पुण्याचे म्हटल्यावर हसला. “तुमच्याकडनं लई सोडलंय पाणी. तेच्यामुळंच मोटर वर घ्यावी लागलीय.”

तो सांगत होता, पाणी वाढलं की मोटर घेऊन मागे यायचं, उतरलं की पाइप जोडत जोडत पुढे जायचं. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की त्या गाळातच पेरायचं, त्याला गाळपेर म्हणतात. त्याच्या आजोबांची जमीनही खालीच होती. म्हणजे वर्षातले थोडे महिने तो स्वतःच्याच जुन्या रानात जातो आणि पाणी आलं की परत फिरतो. नवऱ्याने विचारलं, “बोटिंग होतं का इथे?” तो म्हणाला, बोटी आहेत, पण त्या फिरायच्या नाहीत, या काठावरून त्या काठाला जायच्या आहेत. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा. मग त्याने मे महिन्यातलं सांगितलं. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. नवऱ्याने नंतर बोटीचा विषय काढला नाही.

मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. नेटवर्क तुटत होतं. फोन पाण्याकडे धरला, तसा तो उठून बसला. म्हणाला, “डावीकडं धर. अजून. ती बाभळीची रांग दिसती का पाण्यात? तिच्या पलीकडं वेस होती. तिथनं आत आलं की तिसरं घर आपलं.”

मग तो बोलतच राहिला. त्या वेळी तो सातवीत होता. गाव सोडायचं ठरल्यावर लोकांनी घरं मोडली. कारण भिंती पाण्याला सोडता येतात, लाकूड नाही. वासे, तुळया, खुंट्या, देवळी, जे निघेल ते बैलगाडीत घातलं. आजोबांनी पुढचं दार चौकटीसकट काढलं. दोन गाड्या केल्या, एक सामानाची आणि एक नुसत्या दाराची. टेंभुर्णीत आधी पत्र्याचं शेड होतं. त्याला आजोबांनी हे दार बसवलं. मग विटांचं घर झालं, त्यालाही हेच दार. नव्वदच्या दशकात मामाने स्लॅब टाकला. गवंडी म्हणाला, चौकट बुटकी आहे, नवी घ्या. मामाने घेतली नाही.

म्हणजे ज्या दाराला मी आठवडाभर रोज पाय लावून ढकलत होते, ते त्या बाभळीच्या पलीकडचं होतं.

आम्ही पान काठावर ठेवलं आणि मागे सरलो. कावळा आला की नाही ते बघायला थांबलो नाही, कारण पाऊस वाढला आणि पाणी पानापर्यंत येईलसं वाटायला लागलं. मामा म्हणाला, “येऊ दे. त्यांनाच पोचंल.”

किल्लीचा दुसरा जुडगा

तुम्हाला एव्हाना अंदाज आला असेल, बंगलोरच्या मामेभावाचं म्हणणं काय होतं ते. आई-बाबा साठी उलटलेले, गुडघे गेलेले, पुण्यात किंवा बंगलोरला टू बीएचके घ्यावा आणि टेंभुर्णीचं घर विकावं. हायवेजवळची जागा, भाव चांगला. यात त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. रात्री दोनला फोन वाजला की सातशे-आठशे किलोमीटरवरून काय करणार, ही भीती मलाही माहीत आहे. आपल्या पिढीतल्या अर्ध्या मित्रमंडळींच्या घरात हाच विषय चालू आहे.

मामाचं म्हणणं त्याने कधी भांडून मांडलं नाही. आम्ही परत निघायच्या आदल्या रात्री फोनवर एवढंच म्हणाला, “एक घर सरकारनं मागितलं, दिलं. धरण झालं, चार जिल्ह्यांना पाणी झालं, तक्रार नाही. दुसरं मीच विकलं तर दार कुठं बसवू? तुमच्या सातव्या मजल्यावर?”

आम्ही २९ तारखेला घर आवरलं. मोटर बंद, टीव्हीची पिन काढलेली, मांजर काकूंकडे. किल्लीचे दोन जुडगे होते. मामाने एक आमच्याकडेच ठेवायला सांगितला.

त्या जुडग्याचा उपयोग पुढच्या वर्षी झाला. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली सीनाकाठची गावं पाण्यात गेली, हायवेसुद्धा बंद ठेवावा लागला. ज्या भागात लोक पावसाला बोलावतात, तिथे तो घरात शिरला. उभी पिकं, जनावरं, कोठीतलं धान्य, सगळं गेलं. मामा-मामी तेव्हा तपासणीसाठी पुण्यात आमच्याकडे होते. मामीच्या माहेरची माणसं सीनाकाठची. त्यांचा फोन आला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. आम्ही लगेच निघून पोचणं शक्य नव्हतं, पण काकूंकडे तिसरी किल्ली होती (मामी ती मामी!). त्या रात्री टेंभुर्णीच्या घरात चौदा माणसं, दोन तान्ही बाळं आणि एक शेळी झोपली. आम्ही तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर धान्य, ब्लँकेट आणि औषधं घेऊन पोचलो. दार फुगलेलं होतं. आतून कोणीतरी ओढलं, बाहेरून आम्ही ढकललं.

पाहुणे दहा-बारा दिवस राहिले. बंगलोरहून मामेभावाने पैसे पाठवले, मग स्वतःही आला. घर विकायचा विषय कायमचा मिटला असं नाही. पण सध्या कोणी काढत नाही. मामेभावाने इन्व्हर्टर बसवून दिला आणि बाथरूममध्ये मामाला धरायला दांडे लावून घेतले. चौकटीच्या वर रबराची पट्टीही लावली, उंच जावयांसाठी!

तुमच्याही कुणाचं तरी असं एखादं घर असेल. मामाचं, आत्याचं, आजीचं. हायवेवरून दिसणारं पण थांबणं न होणारं. त्याचं पुढे काय करायचं हा निर्णय मोठा आहे आणि तो घरोघर वेगळाच होणार. पण निर्णयाच्या आधी एकदा तिथे आठ-दहा दिवस राहून या. पाहुणे म्हणून नको, राखणदार म्हणून. सकाळी सातच्या आत मोटर लावा, संध्याकाळी दिवा लावा, दार कुठून आलं ते विचारा. सांगणारं माणूस अजून फोनवर आहे तोवर.

जायचंच असेल तर सप्टेंबरात जा. आणि पाऊस पडला की घरात पळू नका.